डावा खांदा जरा खाली

मंगळवार, ३ मार्च

आजोबांचं पार्सल आलं. दरवर्षी माझ्या वाढदिवसाच्या सुमारास येतं आणि त्यात दरवर्षी फ्रॉकच असतो. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, शिंपी आहेत आणि दुसऱ्या देशात, त्यांच्या दुकानाच्याच खोलीत राहतात. मी त्यांना प्रत्यक्ष दोनदाच भेटलेय. पहिली भेट मोजायलाच नको, कारण तेव्हा मी दुपट्यात होते. दुसरी पाच वर्षांची असताना. त्यातलं मला फक्त इस्त्रीच्या वाफेचा वास आणि त्यांच्या बोटांना लागलेला निळा खडू आठवतो.

पण तसं म्हटलं तर मी त्यांच्यासमोरच वाढलेय. शाळेतून आले की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या डब्याला टॅब टेकवते आणि आजोबांना व्हिडिओ कॉल लावते. तिकडे तेव्हा सकाळ असते आणि आजोबा मशीनवर बसलेले असतात. ते शिवतात, मी अभ्यास करते. बोललंच पाहिजे असं काही नाही. आई-बाबा कामावरून येईपर्यंत मी घरात एकटी नसते ती अशी. वर्गातल्या मुली त्यांना 'डब्यावरचे आजोबा' म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या आजोबांना त्या दिवसातून एकदा तरी नीट बघतात का, विचारा.

तर फ्रॉक. मापं घ्यायची आमची एक पद्धत आहे. त्यांनीच पाठवलेली टेप घेऊन मी टॅबसमोर उभी राहते, ते सांगतील तिथे धरते आणि आकडे वाचते. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली आहे, म्हणून माझ्या प्रत्येक फ्रॉकच्या डाव्या खांद्यात आतून कापसाची छोटी गादी असते. ती आम्हा दोघांनाच माहीत असते.

या वेळचा फ्रॉक माझ्या डोक्यातूनच खाली उतरेना. तो सात-आठ वर्षांच्या मुलीचा आहे. पिवळा, गळ्याला पांढरी झालर. गादी नाही. मी नक्कीच टेप उलटी धरली असणार. वेंधळेपणात माझा हात कोणी धरू शकणार नाही.

आईला दाखवला. मला वाटलं ती हसेल. ती फ्रॉक हातात घेऊन बघत राहिली, "हा तुझा नाहीये गं," म्हणाली आणि बाथरूममध्ये गेली. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा केस कोरडे होते.

ही डायरी बाबाने दिलीय. तो मला भित्री भागूबाई म्हणतो. भीती वाटली की हिच्यात लिही, म्हणाला, म्हणजे माझी झोपमोड होणार नाही. आज लिहिण्याएवढी भीती नाही. तरी लिहून ठेवते.

शुक्रवार, ६ मार्च

आजोबांना सांगितलं, फ्रॉक छान बसला. चक्क थाप मारली. "बसणारच," ते म्हणाले. "चिंधी, तुला पिवळा उठून दिसतो."

मला ते बॉबिन म्हणतात. मशीनमधली दोऱ्याची छोटी गोल रीळ असते ती, कारण मी लहान, गोल आणि सारखी गरगरणारी. चिंधी म्हणजे आई. ती लहानपणी त्यांच्या दुकानातल्या चिंध्यांच्या ढिगात झोपायची. मी म्हटलं, "आजोबा, चिंधी कामावर गेलीय. मी बॉबिन." ते हसले. "तेच ते," म्हणाले आणि मशीन चालवायला लागले. मी गणितं केली. नंतर बघितलं तर मशीनमध्ये दोराच ओवलेला नव्हता. तेल घातल्यावर असं नुसतं चालवून बघत असतील.

सोमवार, ९ मार्च

आज मात्र भीती वाटली.

आजोबांच्या मागे ट्रायलचा उंच आरसा आहे. तो तिरका ठेवलेला असल्यामुळे त्यात बाहेरचं दार आणि दाराजवळचं कपाट दिसतं. आज त्या आरशात एक बाई दिसली. राखाडी स्वेटर घातलेली, माझ्या आईपेक्षा मोठी. कपाटाचा खण उघडून ती वस्तू काढत होती आणि पिशवीत भरत होती. अजिबात आवाज न करता. आजोबा मान खाली घालून बटण लावत बसले होते.

मी विचारलं, "आजोबा, घरात कोण आलंय?"

"कोण येणार? गिऱ्हाईक आलं असतं तर मी असा बसून राहिलो असतो का?"

हे खरं आहे. आजोबांचा नियमच आहे, गिऱ्हाईक दारात उभं आणि शिंपी बसलेला असं होता कामा नये. दारावर टकटक झाली की ते माझं वाक्य अर्ध्यात तोडून उठतात, मग तोंडात टाचण्या असल्या तरी. एकदा मी मैत्रिणीशी भांडण झालं म्हणून रडत होते. तेव्हाही उठले होते आणि मी त्यांच्यावर दोन दिवस रुसले होते.

मी पुन्हा आरशात बघितलं. बाई नव्हती. कपाटाचा खण उघडाच होता.

गुरुवार, १२ मार्च

ती रोज असते. आज आजोबांनीही तिला बघितलं. मी विचारलं, "ती कोण आहे?" तर ते टॅबच्या इतके जवळ आले की मला फक्त एक डोळा आणि भुवई दिसत होती. कुजबुजत म्हणाले, "माहीत नाही. माझ्या वस्तू नेते ती. मोठी कात्री गेली. लहान गेली. किल्ली पण गेली."

"मी आईला सांगते."

"नाही." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तिला कळलं तर ती मला इथून हलवेल. कुठल्यातरी घरात नेऊन ठेवतील, तिथे मशीन नसतं, काही नसतं. ही खोली सुटली की मी संपलो. शपथ घे."

मी शपथ घेतली. त्या खोलीत आजी होती, तिथेच आई लहानाची मोठी झाली, तिथेच मशीन आणि आरसा आहे. आजोबा खोलीबाहेर कसे दिसतात हे मला माहीतसुद्धा नाही.

आता माझी गत इकडे आड तिकडे विहीर. सांगितलं तर आजोबांची खोली जाणार. नाही सांगितलं तर वस्तू जाणार, आणि वस्तू संपल्यावर ती बाई काय करेल? हा विचार मी लिहायला घेतला आणि मग उठून स्वयंपाकघरातला दिवा लावून आले.

रविवार, १५ मार्च

आज जे ऐकलं ते खोलीचं दार लावून लिहितेय.

आई गॅलरीत फोनवर बोलत होती. मी वाळलेले कपडे आणायला गेले होते आणि दाराआड उभी राहिले. आई म्हणाली, "कात्र्या सगळ्या उचलल्यात ना? हां. किल्ली तुमच्याकडेच असू द्या. आणि अण्णांना कळू देऊ नका, चिडतील."

आई आजोबांना अण्णा म्हणते. दुसरे कुठले अण्णा आम्हाला नाहीत.

आई आत आली, मला बघून म्हणाली, "काय गं, भूक लागली?" अगदी नेहमीच्या आवाजात. मी हो म्हटलं. तिने ब्रेडला लोणी लावून दिलं. मी सगळं संपवलं, तिला संशय नको म्हणून.

आई त्या बाईला सामील आहे. हे वाक्य मी दोनदा खोडलं. पण मग दुसरं काय लिहू? तिला आजोबांची खोली हवी असेल का? माझी आई दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते, रडणाऱ्या पोरांना मांडीवर घेते. अशी माणसं चोर असतात का?

संध्याकाळी बाबा लिफ्टचे पान्हे पुसत बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मी विचारलं, "बाबा, समज, एखाद्या माणसाने आपल्याच माणसाच्या घरात चोर पाठवला, तर?"

"कुठल्या मालिकेत? दोन भाग बघितलेस की तिसऱ्यात जुळा भाऊ निघेल बघ."

मग त्याने माझं तोंड बघितलं आणि हातातला पान्हा खाली ठेवला. "काय झालं?"

"काही नाही."

त्याने आईकडे बघितलं, आईने त्याच्याकडे. मी खोलीत आल्यावर आई हळू आवाजात म्हणाली ते मला ऐकू आलं. "तिला नको सांगू. लहान आहे. आधीच किती घाबरते."

म्हणजे बाबालाही माहीत आहे. या घरात आजोबांच्या बाजूने मी एकटीच आहे.

बुधवार, १८ मार्च

मी ठरवलंय. ती बाई रोज पिशवी घेऊन थोडा वेळ बाहेर जाते. तेवढ्यात आजोबांनी आतून कडी लावायची. मग बस म्हणावं बाहेर.

अवघड हे की आजोबा विसरतात. कडी लावायला उठतात आणि खिडकी बंद करून येतात. म्हणून मी त्यांच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं, "दारात चोर आहे, उघडायचं नाही." ते म्हणतात, थांबतात, माझ्याकडे बघतात, मग पुन्हा म्हणतात. शेवटी अगदी बरोबर म्हणाले. म्हणताना त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मला जरा वाईट वाटलं, पण त्यांना वाचवायचं तर एवढं करायलाच हवं.

शुक्रवार, २० मार्च

सगळं नीट लिहून काढते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

आज बाई बाहेर पडली आणि मी म्हटलं, "आजोबा, आता." ते उठले. आरशात मला कडी लागताना दिसली. मी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने टकटक झाली आणि आजोबा सवयीने अर्धे उठले, "गिऱ्हाईक..."

"नाही आजोबा, चोर आहे. उघडायचं नाही."

ते पुन्हा खाली बसले. खांदे आत ओढून, अंग चोरून बसले. बाहेरून आवाज आला, "अण्णा, मी आहे. दार उघडा ना." मला वाटलं, काय लबाड आहे, अण्णा म्हणते. टकटक चालूच होती. आजोबांना ते ऐकवेना, ते इकडेतिकडे बघायला लागले आणि मग स्टूल ओढून त्यावर चढले. कपाटाच्या वर, अगदी भिंतीशी, इस्त्री ठेवलेली होती. ती त्यांनी काढली, प्लग लावला आणि पांढऱ्या झालरीची पट्टी इस्त्री करायला घेतली. इस्त्री करताना ते शांत होतात हे मला माहीत आहे, म्हणून मी काही बोलले नाही. मी नुसती बघत होते.

मध्येच ते थांबले. "चिंधीची शाळा सुटली असेल," म्हणाले. इस्त्री तशीच कापडावर पालथी ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन रस्त्याकडे बघत बसले. इस्त्री नेहमी उभी ठेवायची असते. हे मला त्यांनीच शिकवलंय, मी सहा वर्षांची असताना.

"आजोबा, इस्त्री."

त्यांनी वळून बघितलं. टॅबकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "कोण बोलतंय?"

"मी. बॉबिन. आजोबा, इस्त्री उचला."

"कोण आहे?" ते भिंतीला विचारत होते. पट्टीच्या कडेने धूर निघायला लागला, आधी बारीक, मग जाड. शेजारी कापडांची चळत होती. मी माझ्या फोनवरून आईला फोन लावला. दवाखान्यात तिचा फोन कपाटात असतो. बाबाला लावला. तो लिफ्टच्या विहिरीत असला की रेंज नसते. मी ओरडत होते, पण इथून ओरडून काय होतं? मी हात पुढे केला तर बोटं काचेवर आपटली. इतकी वर्षं मला वाटायचं, आम्ही एकाच खोलीत बसतो.

बाहेर ती बाई दोन्ही हातांनी दार बडवत होती. "अण्णा, जळका वास येतोय. उघडा." तेव्हा मला कळलं. म्हणजे सगळं नाही कळलं. एवढंच कळलं की चोर असती तर ती कधीच पळाली असती.

"आजोबा, दार उघडा."

"नाही." ते खोकत होते आणि हात मांड्यांखाली घातले होते. "दारात चोर आहे. उघडायचं नाही. माझ्या नातीने सांगितलंय."

आई मोठी झाली ते विसरले, मला विसरले, इस्त्री विसरले आणि मी सांगितलेलं नेमकं हेच लक्षात ठेवलं. मी रडत होते, पण रडणाऱ्या आवाजाकडे ते बघतच नव्हते. मग मी डोळे पुसले, उभी राहिले आणि मोठ्या बायकांसारखा आवाज काढून म्हटलं, "मास्तर. अहो मास्तर, गिऱ्हाईक आलंय."

त्यांनी मान वर केली.

"ट्रायलला आलंय. मघापासून दारात उभं आहे आणि तुम्ही बसलाय."

ते उठले. गळ्यात टेप आहे का ते चाचपलं, सदरा सारखा केला. "आलो, आलो," म्हणाले. "माफ करा हं, आत या." टेबलावर धूरच धूर होता आणि ते त्याच्या बाजूने असे गेले जसं काही झालंच नाही. आरशात मला कडी निघताना दिसली.

बाईने आत येऊन आधी प्लग ओढला. मग जळकी पट्टी आणि वरची दोन कापडं उचलून मोरीत टाकली, खिडक्या उघडल्या, आजोबांना खुर्चीत बसवून पाणी दिलं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने टॅबकडे बघितलं. तिचा हात लाल झाला होता.

"तू नात ना त्यांची? रोज ऐकते मी तुझा आवाज. ते बरे आहेत, बघ. तू काही खाल्लंयस का?"

मी मान हलवली.

शनिवार, २१ मार्च

आईला सगळं सांगितलं. शपथ मोडली. आई आधी खूप ओरडली, मग मला इतकं घट्ट धरलं की माझा खांदा दुखला. ती बाई आईनेच ठेवलीय, आजोबांची काळजी घ्यायला. कात्र्या त्यांना लागू नयेत म्हणून उचलल्या. इस्त्रीसुद्धा तिनेच वर ठेवली होती. आजोबांना बऱ्याच दिवसांपासून आठवत नाही आणि ते आता वाढतच जाणार आहे.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू घाबरशील म्हणून," आई म्हणाली. बाबाने डोक्याला हात लावला. आमच्या घरात सगळे एकमेकांना घाबरू नये म्हणून गप्प बसले आणि तिकडे आग लागली.

मग आईने तो पिवळा फ्रॉक आणला. "हा माझा आहे," म्हणाली. "तिसरीत असताना अगदी असाच शिवला होता त्यांनी. माप एका बोटानेही चुकलेलं नाही."

गुरुवार, २६ मार्च

आई आज विमानाने गेली. आजोबांना कुठे ठेवायचं ते ती बघून ठरवणार. मी म्हटलं, खोली सोडायला लावू नकोस. ती म्हणाली, बघते. बघते म्हणजे काय ते मला माहीत आहे. घरात बाबा आणि मी. बाबाने अंडी करपवली आणि तो वास आल्याबरोबर मी पळत गॅलरीत गेले. तो हसला नाही. माझ्याबरोबर येऊन उभा राहिला.

टॅब लावायची हिंमत होत नाही.

रविवार, ५ एप्रिल

आईचा फोन आला. खोली राहणार आहे. सध्या तरी, असं ती दोनदा म्हणाली. बाई आता रात्रीही तिथेच राहील. इस्त्री घरातून काढून टाकली. आई म्हणाली, "आज टॅब लाव. ते चांगल्या मूडमध्ये आहेत." मी म्हटलं, "मला ओळखलं नाही तर?" आई म्हणाली, "नाही ओळखणार बहुतेक." तिने या वेळी खरं सांगितलं. मला ते बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

साखरेच्या डब्याला टॅब टेकवला. आजोबा मशीनसमोर होते, दाढी केलेली. मागे आरशात आई आणि ती राखाडी स्वेटरवाली बाई कपाटाशी उभ्या होत्या. तिच्या हाताला पट्टी होती.

आजोबांनी चष्मा सारखा केला. "बोला, बाई. काय शिवायचंय?"

"फ्रॉक," मी म्हटलं.

"माप आणलंय?"

मी टेप घेतली आणि उभी राहिले. त्यांनी सांगितलं तिथे धरली, छाती, उंची, बाही. आकडे वाचताना आवाज फाटत होता, तर म्हणाले, "सावकाश, घाई नाही." मग म्हणाले, "सरळ उभ्या राहा."

"सरळच आहे."

ते पुढे झुकले. बराच वेळ बघत राहिले. "डावा खांदा जरा खाली आहे तुमचा. मनाला लावून घेऊ नका. आतून गादी घालू, कोणाला कळायचं नाही." मग टेप गळ्यात नीट करत म्हणाले, "माझ्या नातीचा अगदी असाच आहे. लांब असते ती. बॉबिन म्हणतो मी तिला. तुमच्या ओळखीत आहे का?"

आरशात आईने तोंडावर हात धरला.

"हो," मी म्हटलं. "रोज भेटते."

"मग तिला एवढं सांगा, दारात चोर नव्हता म्हणावं. मी बघितलं उघडून. भित्री आहे हो ती, उगाच जिवाला लावून घेईल."

"सांगते," मी म्हटलं.

"हं. आता कंबर," ते म्हणाले, आणि मी टेप कमरेला धरून आकडा वाचला.